चिऊ, ते 47 गुणिले 12 कुठे अडलं ते सांगतो

चिऊ बाळा,

काल तू फोनवर रडत होतीस आणि इकडे साईटवर कटर चालू होता, मला नीट ऐकूच येईना. नंतर मम्मीने तुझ्या पेपरचा फोटो पाठवला तो रात्री मोठा करून करून बघितला. 47 गुणिले 12, तू लिहिलंस 414, बाईंनी लाल गोल केलाय. आधी हे ऐक, तुझा रस्ता चुकला नव्हता, तू मधेच थांबलीस एवढंच. 47 चे 40 आणि 7 केलेस, 12 चे 10 आणि 2 केलेस, इथपर्यंत एकदम बरोबर. मग चाळीस दाहे चारशे, सात दुणे चौदा, झाले 414. बाकीचं कुठे राहिलं ते मी तुला फरशीवर दाखवतो कारण पप्पा दिवसभर तेच काम करतात.

समज एक लांब पॅसेज आहे, एक बाय एकच्या फरश्या, लांबीला 47 बसतात आणि रुंदीला 12. मी दोरी लावून एक रेघ मारली 40 फरश्या झाल्या तिथे, आणि दुसरी रेघ 10 फरश्या झाल्या तिथे. आता वहीत चौकट काढ आणि या दोन रेघा मार, काढच, नुसतं वाचू नको. किती तुकडे झाले? चार. मोठा तुकडा 40 बाय 10, म्हणजे 400. त्याच्या बाजूची पट्टी 40 बाय 2, म्हणजे 80. दुसरी पट्टी 7 बाय 10, म्हणजे 70. आणि कोपऱ्यातला छोटासा 7 बाय 2, म्हणजे 14. तू मोठा मोजलास, कोपऱ्यातला मोजलास, आणि दोन्ही पट्ट्या तशाच राहिल्या बघ, 80 आणि 70, दीडशे फरश्या. 414 मधे 150 मिळव, 564. तुझ्या पुस्तकात याला डिस्ट्रिब्युटिव्ह प्रॉपर्टी म्हणतात, आमच्या वेळी वितरणाचा गुणधर्म म्हणायचे, नाव कुठलं पण असू दे, तुकडे सगळे मोजले की नाही एवढं बघायचं. आणि कधी गोंधळ झाला तर एकच आकडा तोड, दुसरा अख्खा ठेव. 47 दाहे 470, 47 दुणे 94, झाले 564, दोनच तुकडे, विसरायला जागाच नाही.

मम्मी म्हणते तुला आठाचा पाढा अडतो. सात आठी किती ते आठवलं नाही की तू घाबरून पेन खाली ठेवतेस ना? मग 8 चे 5 आणि 3 कर. सात पंचे पस्तीस, सात त्रिक एकवीस, छप्पन्न. आणि आठ साती विचारलं तरी छप्पन्नच, कारण खोलीच्या या दारातून मोजा नाहीतर त्या दारातून, फरश्या तेवढ्याच. म्हणजे जो पाढा अडला तो उलटा करून बघ, बऱ्याच वेळा तो तुला सोप्या पाढ्यात सापडतो. नऊ चोक नाही आठवलं तर चार नवे छत्तीस.

मागच्या आठवड्यात दुकानात उभा होतो, 25 बॉक्स घ्यायचे होते, दोन बाय दोनची फरशी, बॉक्समधे 4, म्हणजे एका बॉक्सला 16 फूट, आणि भाव 48 रुपये फूट. कागद नाही काही नाही. आधी 25 आणि 16. 16 म्हणजे चार चोक, आणि चार पंचवीस शंभर, म्हणून चारशे फूट. मग 400 गुणिले 48. 48 ला 50 धरलं, वीस हजार, जास्तीचे 2 धरले होते त्याचे 800 काढले, 19200. दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर तेच दाखवलं तेव्हा मला तुझी खूप आठवण आली. गुणायचं कुठून सुरू करायचं ते आपल्या हातात असतं गं. 4 गुणिले 37 गुणिले 25 आलं तर 37 ला थोडा वेळ बाजूला बसव, आधी 4 आणि 25 भेटू दे, मग 3700 लगेच. आणि 99 गुणिले 7 ला हातचे धरत बसू नको, 700 मधून 7 काढ, 693.

फक्त भागाकारात हे सगळं चालत नाही. 84 भागिले 7 ला 84 चे 70 आणि 14 केलेस तर चालेल, 10 आणि 2, बारा. पण ज्याने भागतोय त्याला तोडायचं नाही. 24 भागिले 6 ला 6 चे 4 आणि 2 करून बघ, 6 आणि 12 येतील, अठरा, आणि उत्तर तर 4 आहे.

आणि आपण पाटणादेवीला जातो ना, तिथल्या देवळात जुना शिलालेख आहे, 1207 सालचा, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, आजोबांचे ग्रंथ शिकवायला. त्या भास्कराचार्यांनी 1150 मधे लीलावती लिहिली, त्यात 135 गुणिले 12 हे एकच गणित कितीतरी रीतींनी करायला सांगितलंय. 12 चे 8 आणि 4 करा, नाहीतर आधी 4 ने गुणा मग 3 ने, नाहीतर 10 आणि 2, नाहीतर 20 ने गुणून 8 पट काढा. मी चारही करून बघितल्या, 2700 मधून 1080 काढले तरी 1620 आणि 540 ची तिप्पट केली तरी 1620. चाळीसगावपासून एवढं जवळ आणि मला शाळेत असताना हे कोणी सांगितलंच नाही, म्हणून तुला सांगतोय.

पेपर फाडू नको, जपून ठेव. रविवारी मी दुपारी फोन करतो तेव्हा काम बंद असतं, निवांत बोलू. तोपर्यंत आजीच्या ओट्यावर एका बाजूने किती फरश्या आणि दुसऱ्या बाजूने किती ते मोजून ठेव. उत्तर नको सांगू मला, रेघ कुठे मारलीस ते सांग.

तुझे पप्पा