हायड्रोजनचं एक सिलिंडर : मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

मा. मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मागच्या वर्षी पुण्यातल्या एका कार्यक्रमात, हायड्रोजनवर धावणाऱ्या गाड्या बांधणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर आपण व्यासपीठावरून एक शब्द दिला होता. स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक टीमला चाचण्यांसाठी फ्युएल सेलच्या, म्हणजे हायड्रोजन आणि हवेपासून वीज बनवणाऱ्या यंत्राच्या, दर्जाचा हायड्रोजन मिळेल, असा. टाळ्या आम्हीच वाजवल्या होत्या. गेल्या आठवड्यात आमच्या तिसऱ्या स्मरणपत्राला उत्तर आलं. विषय या विभागाच्या अखत्यारीत येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोणाच्या अखत्यारीत येतो, हे त्यात लिहिलेलं नाही. म्हणून हे पत्र खुलं लिहितो आहोत.

आम्ही मागितलं होतं ते आधी सांगतो. प्रत्येकी सात घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर वायू दाबून भरलेली दोन सिलिंडरं. बाजारात मिळतं तेच, ४७ लिटर पाणी मावेल एवढं, १५० बारच्या दाबाचं, लाल रंगाचं, माणसाच्या खांद्याएवढं उंच पोलादी सिलिंडर. एका सिलिंडरात हायड्रोजन असतो जेमतेम ६०० ग्रॅम. देशाचं उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं आहे. म्हणजे दर सेकंदाला सुमारे १५८ किलो. त्यातला एका सेकंदाचा शंभरावा भागही आम्ही मागत नव्हतो, आणि मागत होतो तो विकत.

स्पर्धेत हायड्रोजन आयोजक देतातच, मग आधी कशाला हवा, असं आपल्या विभागातल्या एका अधिकाऱ्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही आहे. शेल इको-मॅरेथॉनसारख्या स्पर्धेत हायड्रोजन गटाचा निकाल एका घनमीटर हायड्रोजनमध्ये गाडी किती किलोमीटर गेली यावर लागतो. तिथे मिळणारा वायू मोजून घेण्यासाठी असतो, शिकण्यासाठी नाही. ट्रॅकवर जायच्या आधी स्टॅक, म्हणजे एकावर एक रचलेल्या फ्युएल सेलचा संच, निदान काही महिने हाताखाली चालवावा लागतो. एक किलोवॅटचा, ४८ सेलचा, हवेने थंड होणारा स्टॅक पूर्ण भाराला मिनिटाला साधारण १३ लिटर हायड्रोजन खातो. एका सिलिंडरात पूर्ण भाराच्या जवळजवळ नऊ तासांच्या चाचण्या होतात. दोन सिलिंडरांत अठरा तास. नीट आखून वापरले तर एक टीम तेवढ्यात गाडी उभी करते.

त्या अठरा तासांत काय करायचं असतं? आपल्या टेबलावर गेलेल्या प्रस्तावात हे सगळं होतं. तो कोणी उघडून वाचला असेल असं उत्तरावरून दिसत नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

पहिलं, गळती. हायड्रोजनला वास नाही, त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत तो पेट घेतो आणि पेटायला ०.०२ मिलिज्यूल एवढी ठिणगी पुरते. म्हणून प्रत्येक जोड आधी हेलियम किंवा नायट्रोजनच्या दाबाखाली तपासायचा, साबणाचं पाणी लावून. पाव इंची नळीवरचा दुहेरी फेरूलचा (नळीला आवळून धरणाऱ्या कड्यांचा) नट हाताने घट्ट केल्यावर पान्याने सव्वा फेरा फिरवायचा. कमी फिरवला तर गळतो. "अजून थोडा" म्हणून जास्त फिरवला तर फेरूल नळीला चिरडतं आणि पुढच्या वेळी तोच जोड गळतो. टेफ्लॉन टेप आट्याच्या पहिल्या दोन फेऱ्यांवर गुंडाळली, की तिचा तुकडा सुटून सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर उघडबंद होणाऱ्या व्हॉल्व्हच्या, तोंडात जाऊन बसतो आणि बंद असायला हवा तेव्हा तो पूर्ण बंद होत नाही. पुस्तकात हे दोन ओळींत येतं. हाताला कळायला वीस जोड बसवावे लागतात.

दुसरं, पाणी. फ्युएल सेलचा सगळा संसार पाण्याच्या तोलावर चालतो. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा. मध्ये पातळ पडदा, आणि तो ओला असेल तरच प्रोटॉन पलीकडे जातात. हवेने थंड होणाऱ्या स्टॅकमध्ये ऑक्सिजन पुरवणारी हवा तीच आणि उष्णता नेणारीही तीच. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकला, की स्टॅक ६५ अंशांच्या मर्यादेकडे सरकतो, पंखे जोरात फिरतात, आणि तेच पंखे पडदा सुकवतात. पडदा सुकला की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णता वाढली की पंखे आणखी जोरात. पावसाळ्यात नेमकं उलटं. ॲनोडकडच्या, म्हणजे हायड्रोजनच्या बाजूच्या, बारीक नाल्यांत पाणी साचतं, हवेच्या बाजूने झिरपलेला नायट्रोजनही तिथेच अडकतो आणि एखादा सेल हायड्रोजनविना उपाशी राहतो. म्हणून साधारण दर दहा सेकंदांनी, सेकंदाच्या दहाव्या भागापुरता, पर्जचा व्हॉल्व्ह उघडून आतलं बाहेर फेकायचं. जास्त वेळा उघडला तर मोजलेला हायड्रोजन हवेत जातो आणि स्पर्धा हातची जाते. कमी उघडला तर उपाशी सेलचं व्होल्टेज उणे होतं, त्यातला कार्बन जळू लागतो आणि तो सेल कायमचा निकामी होतो. ४८ सेल एकापाठोपाठ एक जोडलेले, एक गेला की सगळे अडले. पर्जची वेळ उन्हाळ्याला वेगळी, पावसाळ्याला वेगळी, चढाला वेगळी, उताराला वेगळी. ती फक्त चालत्या स्टॅकवर सापडते.

तिसरं, वीज. मोकळा असताना स्टॅक ४५ व्होल्टच्या आसपास दाखवतो, ३५ अँपियर ओढले की २८.८ वर येतो. गाडी जागेवरून हलताना मोटरला याहून कितीतरी जास्त प्रवाह हवा असतो. तो सुपरकॅपॅसिटरने, म्हणजे वीज साठवून एकदम सोडणाऱ्या भागाने, द्यायचा. पण रिकामा सुपरकॅपॅसिटर स्टॅकला सरळ जोडणं म्हणजे दोन तारा एकमेकींना चिकटवणं, शॉर्ट सर्किटच. आधी रोधातून सावकाश भरायचा, मग रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढायचा, आणि मध्ये डायोड घालायचा, म्हणजे उलटा प्रवाह स्टॅकमध्ये शिरणार नाही. व्होल्टेज २४ च्या खाली गेलं की भार आपोआप तोडायचा. हे कागदावर बरोबर असलेलं सर्किट पहिल्या सुरुवातीला हमखास फसतं, कारण रिले सोडायच्या आणि व्हॉल्व्ह उघडायच्या क्रमात काही मिलिसेकंदांचा घोळ असतो. तो घोळ कॉम्प्युटरवर दिसत नाही.

आज आमच्या वर्कशॉपमध्ये काय आहे ते सांगतो. भिंतीला साखळीने बांधलेलं एक रिकामं लाल सिलिंडर. त्यावरच्या रेग्युलेटरचा काटा शून्याला चिकटलेला. बाजूच्या टेबलावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला स्टॅक, दोन्ही तोंडांना टोपणं लावलेली. वापराविना पडलेल्या स्टॅकचा पडदा सुकत जातो, हे वर लिहिलंच आहे. तो अधूनमधून चालवून ओला ठेवावा लागतो. चार महिने तो चाललेला नाही. मुलांनी वर्गणी काढून, दोन वर्षं उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवून, परदेशातून मागवलेली ही वस्तू रोज थोडी थोडी मरते आहे आणि आम्ही ती मरताना बघतो आहोत. आपण दिलेल्या शब्दावर विसंबून आम्ही दुसऱ्या कोणाकडे गेलो नाही, महोदय. ही आमची चूक झाली. पण त्या शब्दाची किंमत आम्ही का भरायची?

आता परवानगीचं. कॉलेजं घाबरतात, विक्रेते हात झटकतात, आणि दोघंही कायद्याकडे बोट दाखवतात. तो कायदा आम्ही वाचला आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे, विषारी नसलेल्या ज्वलनशील वायूची २५ सिलिंडरं किंवा २०० किलो वायू, यांतलं जे कमी असेल तेवढ्यापर्यंत साठवणुकीचा परवाना लागत नाही. आम्हाला दोन हवीत. त्याच कॉलेजांच्या मेसमागे १९ किलोच्या एलपीजी सिलिंडरांची रांग उभी असते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत, गटारात, तळघरात साचतो. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका, छताला झरोका असला की निघून जातो. त्याचे धोके आहेत, आणि ते आम्ही वर स्वतःच लिहिले आहेत. म्हणून तर सेन्सर गाडीच्या सर्वांत उंच जागी बसतो, १ टक्का हायड्रोजन दिसताच सोलेनॉइड बंद करतो, आणि चालक व टाकी यांच्यामध्ये पूर्ण भिंत असते. भीती माहितीने कमी होते. आपल्या विभागाचं एक पानी परिपत्रक निघालं असतं तर प्राचार्यांची सही एका दिवसात झाली असती.

खरी अडचण आहे ती गाडीतल्या लहान सिलिंडरची. साठ किलोचं पोलादी सिलिंडर तेवढ्याच वजनाच्या गाडीत बसत नाही. परदेशी टीमा एखाद्या लिटरचं हलकं सिलिंडर वापरतात. आपल्याकडे मुख्य विस्फोटक नियंत्रकांची मान्यता नसलेलं सिलिंडर कोणी भरून देऊ शकत नाही, आणि मोठ्यातून लहानात स्वतः भरणं बेकायदा आहे, जिवावर बेतणारंही आहे. ते आम्ही केलेलं नाही आणि करणार नाही. हे मान्यतेचं कार्यालय कुठे परदेशात नाही, आपल्या नागपुरातच आहे. मान्यता मिळालेल्या लहान सिलिंडरांचे दोन-तीन नमुने ठरवून द्यायचे आणि पुण्यात एक भरणा केंद्र नेमायचं, एवढंच काम आहे. घोडं नेमकं इथे पेंड खातंय.

याच पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये देशी बनावटीच्या फ्युएल सेल बसचं अनावरण झालं. त्याआधी मार्चमध्ये नितीन गडकरी हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले, ते साऱ्या देशाने पाहिलं. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी मंजूर झाले. त्याच वर्षी महाराष्ट्राचं ८,५६२ कोटींचं धोरण आलं. आम्हाला या सगळ्याचा आनंद झाला होता, आजही आहे. पण मिशनच्या रकमेची फोड बघा. १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर (पाण्यातून हायड्रोजन काढणारी यंत्रं) आणि उत्पादनाच्या प्रोत्साहनाला, १,४६६ कोटी पथदर्शी प्रकल्पांना, ४०० कोटी संशोधनाला. शंभर रुपयांतले दोन रुपये. आणि सहा लाख रोजगारांचं आश्वासन. त्या सहा लाखांत रेग्युलेटर बसवणारा, गळती शोधणारा, स्टॅक दुरुस्त करणारा माणूस कुठून येणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येईल? कारखान्याला प्रोत्साहन आहे, जमिनीला सवलत आहे, वीज शुल्कात सूट आहे. हातात पाना घेतलेल्या वीस वर्षांच्या मुलीसाठी एक सिलिंडर नाही.

आणि हे हायड्रोजनपुरतं नाही. आपल्या कॉलेजांत खरेदी समितीला तीन कोटेशनं लागतात. जो स्टॅक जगात मोजक्याच कंपन्या करतात, त्याची तीन कोटेशनं आणायची कुठून? मग सर्वांत स्वस्त निविदेवाल्याकडून ९९.५ टक्के शुद्धतेचा औद्योगिक हायड्रोजन येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइडचा अंश असला की तो स्टॅकमधल्या प्लॅटिनमला चिकटतो आणि लाखांचा स्टॅक खलास. फ्युएल सेलला लागणाऱ्या दर्जात कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत ०.२ भागांपेक्षा जास्त चालत नाही. हा फरक खरेदीच्या अर्जात लिहायला रकानाच नसतो. चार वर्षांत मुलं प्रोजेक्टच्या नावाखाली बाइंडिंग केलेल्या फायली जमा करतात, आणि ज्यांना खरोखर काही बांधायचं असतं ती सह्यांच्या मागे पळून थकतात. मग सॉफ्टवेअरच्या नोकरीत जातात. त्यांना दोष देऊ नका.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यार्थ्यांची फोर्झे ही टीम २००७ पासून हायड्रोजनच्या शर्यतीच्या गाड्या बांधते आहे आणि पेट्रोलच्या गाड्यांशी झुंजते आहे. तिथल्याच दुसऱ्या एका टीमने २०२३ मध्ये एक किलोपेक्षा कमी हायड्रोजनवर जवळजवळ २,५०० किलोमीटर अंतर कापलं. झुरिकच्या विद्यार्थ्यांनी २००५ मध्येच पेट्रोलच्या हिशेबात लिटरमागे ५,३८५ किलोमीटरचा विक्रम केला होता. वीस वर्षांपूर्वी! त्या मुलांच्या हातांना आपल्या मुलांपेक्षा जास्त बोटं नाहीत. त्यांच्या प्रयोगशाळेत नळ फिरवला की हायड्रोजन येतो.

आता मागण्या, थोडक्यात. पुढच्या तीन महिन्यांसाठी राज्यातल्या प्रत्येक नोंदणीकृत टीमला दोन सिलिंडरं, रास्त दरात. साठवणुकीच्या नियमांचं स्पष्टीकरण देणारं, मराठीतलं एक पानी परिपत्रक सर्व अभियांत्रिकी महाविद्यालयांना. लहान सिलिंडरांच्या मान्यतेसाठी केंद्राकडे आपल्या सहीचं पत्र. आणि आमचा विषय कोणत्या विभागाच्या अखत्यारीत येतो, हे एका ओळीत लेखी.

सिलिंडर पाठवाल तेव्हा सोबत त्या खेपेचं शुद्धतेचं प्रमाणपत्र असू द्या, ९९.९७ टक्क्यांच्या खाली नको, आणि कार्बन मोनॉक्साइड व गंधकाचे आकडे त्यावर वेगळे लिहिलेले हवेत. व्हॉल्व्हला उलटे आटे असतात, आमच्याकडे त्या मापाचा रेग्युलेटर आहे. उतरवून घ्यायला आम्ही गेटवर थांबू.

आपले,
हायड्रोजन गाडी बांधणारे विद्यार्थी आणि त्यांचे मार्गदर्शक, पुणे