अ‍ॅडा स्ट्रीटवरून आबांना

सॉल्टेअर, यॉर्कशायर
रविवार दुपार

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही. मी इकडून ओरडून बोलतो, तुम्ही तिकडून "बरं बरं" म्हणता आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून हे पत्र. ताईनं ते तुमच्या उजव्या कानाजवळ बसून, सावकाश वाचून दाखवावं. आजीलाही जवळ बसवून घ्या.

घर बदललं हे तुम्हाला कळलंच आहे. कुठं आलोय ते मात्र धड सांगितलं नव्हतं. आबा, मी गिरणीच्या वसाहतीत राहायला आलोय. दाराबाहेर येऊन उताराकडं बघितलं की गिरणीची चिमणी दिसते. पहिल्या दिवशी सामान उतरवून घेता घेता ती दिसली आणि कोल्हापुरात कोटितीर्थ तळ्याच्या काठावरून तुमच्या शाहू मिलची चिमणी दिसायची, तिचीच आठवण झाली. लहानपणी तुम्ही मला खांद्यावर बसवून ती दाखवायचा.

या गावाचं नाव सॉल्टेअर. गिरणीमालक सर टायटस सॉल्ट आणि इथली नदी एअर, दोघांची नावं जोडून ते झालं. जवळच ब्रॅडफर्ड शहर आहे. दीडशे वर्षांपूर्वी लोकरीच्या कापडात त्याच्या तोडीचं गाव जगात नव्हतं, पण धुरानं आणि घाणीनं माणसं पटापट मरायची. १८४८ साली सॉल्ट तिथला महापौर झाला आणि पुढच्याच वर्षी कॉलऱ्याची साथ आली. शहरात त्याच्या बऱ्याच गिरण्या होत्या. त्या एकत्र करून त्यानं शहराबाहेर, नदी, कालवा आणि रेल्वे जवळजवळ येतात अशी जागा धरली. कोळसा आणि लोकर दारात उतरायची, कापड दारातूनच बाहेर जायचं. १८५३ साली, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, गिरणी सुरू झाली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५४५ फूट. मग वीसेक वर्षांत कामगारांसाठी अख्खं गाव उभं राहिलं. लॉकवुड आणि मॉसन हे दोघे वास्तुविशारद. त्यांना इटलीतल्या इमारतींचं भारी वेड. कालव्यापलीकडच्या नव्या गिरणीची चिमणीसुद्धा त्यांनी व्हेनिसमधल्या एका चर्चच्या मनोऱ्यासारखी बांधली.

कापडाचं सांगतो, ते तुम्हालाच समजेल. दक्षिण अमेरिकेत अल्पाका नावाचा, उंटाच्या जातीचा लहान प्राणी असतो. त्याची लोकर लांब आणि चकाकती, पण इथल्या यंत्रांवर ती नीट कातली जात नव्हती. सॉल्टनं खटपट करून ती कातली आणि कापसाच्या ताण्यावर अल्पाकाचा बाणा घातला. कापड हलकं आणि रेशमासारखं झालं. त्यावर तो गडगंज झाला. हे मी एका फलकावर वाचलं तेव्हा वाटलं, तुम्ही शेजारी असता तर लगेच विचारलं असतं, "धोट्यात सूत किती नंबरचं?"

आता घराचं. इथली सगळी घरं पिवळसर वालुकाश्माची, एकाला एक लागून, ओळीनं. आपल्या चाळीसारखीच, फक्त दगडी आणि दुमजली. छपरावर वेल्समधल्या पाटीच्या दगडाची कौलं. साध्या कामगारांची घरं लहान, मुकादमांची जरा मोठी, आणि ओळीच्या टोकाला किंवा मधूनच एखादं तीन मजली. आबा, त्या काळात पहिल्यापासून प्रत्येक घरात पाण्याचा नळ, गॅसचा दिवा आणि मागच्या परड्यात स्वतंत्र संडास होता. तुमच्या चाळीत मजल्याला मिळून एक नळ होता आणि आजी पहाटे चारला घागर नंबराला लावायची, हे मी किती वेळा ऐकलंय.

माझ्या घराचा उंबरा दगडी आहे. मधोमध झिजून त्याला खळगा पडलाय. पाऊस थांबला की त्यात ओंजळभर पाणी साचतं. अंबाबाईच्या देवळात पायऱ्यांचे दगड गुळगुळीत झालेत ना, तसाच, फक्त ही झीज लाखो भाविकांची नाही, एकाच घरातल्या माणसांची. कामावर जाणाऱ्या, कामावरून येणाऱ्या. आल्यापासून त्या खळग्यावर पाय द्यायला मला कसंतरीच होतं. मी तो ओलांडूनच आत येतो. घराला खिडकी बदलायची तरी परवानगी लागते, कारण सगळं गाव जपणुकीच्या यादीत आहे आणि २००१ पासून जागतिक वारसा आहे. गिरणी १९८६ साली बंद पडली. दुसऱ्याच वर्षी एका माणसानं ती विकत घेतली, पाडली नाही. जिथं माग खडखडायचे तिथं आता चित्रांचं दालन, पुस्तकांचं दुकान आणि खानावळ आहे.

बाकी चर्च, धर्मशाळेसारखी म्हाताऱ्या कामगारांची पंचेचाळीस घरं, दवाखाना, शाळा, नदीपलीकडं बाग, सगळं मालकानंच बांधलेलं. वाचनालय आणि सभागृहाच्या इमारतीसमोर दोन दगडी सिंह बसलेत, रस्त्यापलीकडं शाळेसमोर आणखी दोन. ताईच्या पिंकीसाठी त्यांचे फोटो पाठवतो. दारूचा गुत्ता मात्र त्यानं गावात एकही होऊ दिला नाही. हे ऐकून आजी त्याला आशीर्वाद देईल. पण आबा, मला हा माणूस अजून पुरता कळलेला नाही. घरं चांगली बांधली, ती भाड्यानं दिली. आठ-नऊ वर्षांच्या पोरांना शाळा दिली, पण तीच पोरं अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस गिरणीत असायची. तेव्हाच्या कायद्यात ते बसत होतं. त्यांना "हाफ-टायमर" म्हणायचे.

आणि रस्ते. त्यांची नावं त्यानं आपल्या घरच्यांवरून ठेवली. बायको कॅरोलाइन, म्हणून कॅरोलाइन स्ट्रीट. मग मुलंमुली: जॉर्ज, अमेलिया, एडवर्ड, हर्बर्ट, हेलन, अ‍ॅडा. वास्तुविशारदांच्या नावाचाही एकेक रस्ता आहे. कामगाराच्या नावाचा एकही नाही. संध्याकाळी मी या पाट्या वाचत फिरायचो आणि वाटायचं, आठशेच्या वर घरं आहेत, त्यांत राहून गेलेल्यांची नावं कुठं गेली?

ती नावं आहेत, आबा. हेच मला तुम्हाला सांगायचंय.

इथं दर दहा वर्षांनी शिरगणती व्हायची, त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, जन्मगाव आणि धंदा लिहायचे. शंभर वर्षं झाली की ती वही सगळ्यांना बघायला मोकळी होते. १९२१ ची २०२२ मध्ये मोकळी झाली. गावातल्या जाणत्या लोकांनी वर्षानुवर्षं बसून घराघराची माणसं जुळवलीत. त्यांच्यातल्या एका आजीबाईंनी मला माझ्या घराचं पान काढून दिलं. एक विधवा, तिच्या दोन मुली कातणखात्यात, एक मुलगा हाफ-टायमर, आणि वरच्या खोलीत ठेवून घेतलेला एक भाडेकरू, तो लोकर निवडणारा. पाच माणसं, दोन खोल्या. पोराच्या नावापुढं वय नऊ.

लोकर निवडणाऱ्याचं वाचून त्या आजीबाई गप्प झाल्या. मग सांगितलं, की परदेशातून आलेल्या अल्पाका आणि मोहेरच्या (अंगोरा शेळीच्या लोकरीच्या) गाठी फोडताना या कामगारांना ताप यायचा आणि दोन-चार दिवसांत माणूस जायचा. ब्रॅडफर्डच्या एका डॉक्टरांनी १८८० च्या सुमारास दाखवून दिलं, की हा जनावरांना होणारा काळपुळीचाच रोग आहे आणि तो लोकरीच्या धुळीतून माणसाच्या छातीत जातो. तोवर त्याला नुसतं "लोकर निवडणाऱ्यांचा आजार" म्हणायचे. ज्या खोलीत मी झोपतो तिथंच तो भाडेकरू झोपत असणार. त्याला काय झालं ते त्या पानावर नाही.

आणखी एक गोष्ट. ब्रॅडफर्डला किराणा आणायला गेलो होतो. दुकानाबाहेर बाकावर एक वयस्कर चाचा बसलेले, मूळचे पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मीरपूरकडचे. साठच्या दशकात तिकडं मंगला धरण झालं, गावं पाण्याखाली गेली आणि कितीतरी माणसं इकडच्या गिरण्यांत आली. मी सांगितलं, माझे आजोबा कोल्हापुरात गिरणी कामगार होते. त्यांनी पहिला प्रश्न केला, "स्पिनिंग या वीविंग?" मी म्हटलं, वीविंग. तसे ते हसले आणि माझा हात धरून बाकावर बसवून घेतलं. ते सगळी वर्षं रात्रपाळीत होते. रात्रपाळी म्हणजे सगळी आपलीच माणसं, म्हणाले. बोलताना ते तोंड मोठं करून, ओठ सावकाश हलवत बोलत होते आणि माझ्या ओठांकडं बघत होते. मागाच्या खडखडाटात कान गेलेले, खात्यात सगळे ओठ बघूनच बोलायचे. मग त्यांनी अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासून पीळ दिल्यासारखं केलं आणि मला विचारलं, हे काय?

आबा, मला माहीत होतं. सूत तुटलं. आजीची गोधडी उसवली की तुम्ही असाच पीळ देऊन धागा सांधता, आणि जेवताना मीठ हवं असलं, हाक मारायची असली तरी हातानंच खुणा करता. लहानपणी मला वाटायचं ही तुमची सवय आहे. तुमचा कान वयानं गेला असंच घरात सगळे धरून चाललेत. मीही तसंच धरलं होतं. त्या बाकावर बसून मला कळलं, की तुमचा कान विव्हिंग खात्यात गेला. इतकी वर्षं तुम्ही ते एकदाही बोलला नाहीत, आणि आम्ही तुम्हाला "टीव्हीचा आवाज कमी करा" म्हणत राहिलो. त्याबद्दल मला माफ करा.

परत येताना रेल्वेत मी शाहू मिलचा विचार करत होतो. शाहू महाराजांनी १९०६ साली ती काढली. आपल्या मुलखातला कापूस आपल्याच मुलखात कातला जावा, पोरांना हाताला काम मिळावं म्हणून. त्यानंतर किती पिढ्यांनी तिथं पाळ्या केल्या. महाराजांबद्दल कोल्हापुरात कुणालाही विचारा, तास तास सांगेल. २०२२ साली स्मृतिशताब्दीला सगळं शहर शंभर सेकंद थांबलं, तेव्हा तुम्ही काठी बाजूला ठेवून ताठ उभे होता, ताईनं फोटो पाठवला होता. पण त्या गिरणीत ज्यांनी माग चालवले त्यांची नावं कुठं आहेत? इथल्यासारखी शिरगणती आपल्याकडं कधीच मोकळी होत नाही. माणसामाणसाची माहिती कायद्यानं गुप्त राहते. आणि गिरणी बंद पडून वीसेक वर्षं झाली. हजेरीपुस्तकं कुणाकडं असतील ती असतील. खरं पुस्तक तुमच्याजवळ आहे.

तुम्हाला अजून सगळं आठवतं. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की चाळीतली कोणती दारं कोणत्या क्रमानं उघडायची ते तुम्ही एकदा मला सांगितलं होतं. पगाराच्या दिवशी गेटवर कोण उभं असायचं, गणपतीत कोणत्या खात्याची वर्गणी जास्त, बदलीवर आलेल्या पोरांना कोण पहिला चहा पाजायचं. मी तेव्हा अर्धं ऐकलं आणि क्रिकेट खेळायला पळालो. आता पश्चात्ताप होतो. तुमच्या बरोबरीचे किती जण राहिलेत? दिवाळीला तुम्ही म्हणाला होता, चौघं. त्यांतले एक गेल्याचं आईनं मागच्या आठवड्यात सांगितलं.

म्हणून एक विनंती आहे आणि ती मोडू नका. ताईला मी दोनशे पानी वही आणायला सांगितलंय. रोज संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, अर्धा तास तुम्ही सांगायचं आणि तिनं लिहायचं. प्रत्येक खोलीला एक पान. कोण राहायचं, मूळ गाव कुठलं, कोणत्या खात्यात, मुलं किती, पुढं कुठं गेली. बायकांची नावं विसरू नका. नुसतं "अमक्याची बायको" लिहून घेऊ देऊ नका, ती आजीला विचारा, तिला सगळ्यांची माहेरची नावंसुद्धा येतात. एखादा आजारी पडून गेला असेल तर कशानं गेला तेही सांगा. राहिलेल्या तिघांना एखाद्या रविवारी घरी बोलवा, चहा-पोहे आईनं करावेत आणि ताईनं फोनवर बोलणं रेकॉर्ड करून ठेवावं. चाळीचा नकाशा तुम्हीच हातानं काढा, वाकडातिकडा चालेल. नळ कुठं होता, जिना कुठं होता, भोंगा कोणत्या बाजूनं ऐकू यायचा.

मी मार्चमध्ये येतोय. आल्यावर आपण दोघं रिक्षानं जाऊ, बागल चौकातून कोटितीर्थापर्यंत, आणि वही हातात धरून तुम्ही मला सगळं जागेवर दाखवायचं. गुडघ्याचं तेल वेळेवर लावा. आजीला नमस्कार, आईला सांगा थंडी फार आहे पण स्वेटर पुरतोय, पिंकीला गोड पापा.

सुरुवात कुठून करायची म्हणून अडून बसू नका. तुमच्या खोलीच्या डाव्या हाताला कोण राहायचं, तिथून करा.

तुमचा नातू,
बाळू