रश्शाचे साठ रुपये

कोल्हापूर, सोमवार

चि. स्नेहल हीस,
पप्पांचे अनेक आशीर्वाद.

शनिवारी, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला, रात्री फोनवर तू विचारलंस, "कसं झालं जेवण?" आणि आईनं सांगितलं, "लई भारी." ते खोटं होतं. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "पोरीनं पुण्यात बसून हौसेनं टेबल बुक केलंय, तिला कशाला वाईट वाटून द्यायचं?" पण काल तू माझ्याकडून खरं काढून घेतलंसच. पुण्यात राहून 'मी येते, मी जाते' म्हणायला शिकलीस, पण चिडलीस की मूळ कोल्हापुरी बाहेर येतं. "मी सोडत नाही पप्पा, मी मालकाला लिहितोच," म्हणालीस. तेव्हाच ठरवलं की हे नीट कागदावर लिहायचं. फोनवर तू मधेच भडकतेस आणि मग माझं अर्धं तसंच राहून जातं. आता दुपारचे अडीच वाजलेत, या उन्हात आपल्या चपलांच्या दुकानात कोण फिरकत नाही.

तर पहिल्यापासून. आठचं टेबल होतं, आम्ही पावणेआठलाच पोचलो. तुझी आई हॉटेललासुद्धा एस.टी. चुकेल अशा घाईनं निघते. दारातल्या पोरानं त्या पाटीसारख्या टॅबवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "नाव दिसत नाही." तुझा मेसेज दाखवला. "थोडं थांबा, बघतो." बाहेर पार्किंगच्या कडेला एक बाकडं होतं, त्यावर बसलो. आमच्या मागून आलेली तीन कुटुंबं आत गेली. त्यातल्या एकाला तर मॅनेजर दारापर्यंत येऊन हातात हात घेऊन आत घेऊन गेला. ओळखीचा असेल. ओळखीच्याला जरा पुढं घेतलं तर माझं काही म्हणणं नाही, मीही घेतो. पण चाळीस मिनिटांत आमच्याकडं एकानं येऊन "अजून दहा मिनिटं लागतील काका" एवढंही म्हटलं नाही. पाण्याचा ग्लास तर लांबच.

आता तू म्हणशील, चाळीस मिनिटांचं काय एवढं. ते मला आईलाही सांगता आलं नाही, तुला सांगतो. माझे आज्जे, म्हणजे तुझे पणजोबा, चपला शिवायचे. त्यांच्या तरुणपणी आपल्या लोकांना हॉटेलात चहा मिळायचा तो बाहेर, वेगळ्या कपात. कप आपणच धुवून ठेवायचा. गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल तुला शाळेत सांगितलं होतं की नाही कोण जाणे. गंगाराम शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्ला. मग शाहू महाराजांनी पैसे देऊन त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. लोक तिथं चहा प्यायला तयार नव्हते, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून चहा मागवायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. हे आज्जे सांगायचे तेव्हा हातातलं काम थांबवायचे, तेवढ्यापुरतं का होईना.

शनिवारी तसलं काही नव्हतं, हे मला चांगलं कळतं. त्या पोरांना आपण कोण, कुठले, काय माहीत? गर्दी होती आणि त्यांचा सगळा गोंधळ उडालेला होता, बस्स. तरी बाहेर बाकड्यावर बसल्या बसल्या आज्ज्यांची आठवण आली ती आलीच. आईचा शालू, माझ्या पायात नवी कापशी चप्पल, आणि आमच्यासमोरून लोक आत चाललेत. उठून घरी जावं असं दोनदा मनात आलं. आई म्हणाली, "बसा. लेकीनं बुक केलंय."

पुढचं भराभर सांगतो. टेबल मिळालं ते स्वयंपाकघराच्या झडपेच्या दाराला लागून. दर मिनिटाला दार आईच्या खुर्चीला धडकायचं. मेनू कार्ड मागितलं तर टेबलावरचा चौकोन दाखवला, मोबाईलनं स्कॅन करा म्हणे. ते मी केलं, मला येतं. दोन मटण थाळ्या सांगितल्या. आईनं वाढप्या पोराला हळूच सांगितलं, "बाळ, मऊ बघून आण, दात दुखतोय." त्यानं मान हलवली. चांगल्या मनानं हलवली, तोंडावर दिसत होतं. पंचवीस मिनिटांनी माझं ताट आलं मटणाचं, आईचं आलं चिकनचं. आईचं परत गेलं. ती म्हणाली, "तुम्ही जेवा." लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला बघत ठेवून जेवणारा मी नव्हे. थांबलो.

आणि इथं खरी गोष्ट आहे. पांढरा रस्सा गरम असेपर्यंतच पांढरा रस्सा असतो. आईचं ताट येईपर्यंत माझ्या वाटीत वर साय धरली, मग चरबीचे पांढरे ठिपके जमले, कडेला नारळाचं दूध फाटल्यासारखं वेगळं झालं. खाली पाणी, वर मेण. तांबड्याचं तरी तवंगाखाली निभावतं, पांढरा लपवत नाही. पोराला म्हटलं, "हे जरा गरम करून आण." तो वाटीला हात न लावताच म्हणाला, "गरमच आहे काका." बोट बुडवून दाखवावं की काय असं वाटलं. नाही दाखवलं. आईचं ताट आल्यावर दोघांनाही एकेक वाटी नवीन मागितली. ती आणली, गरम होती, चांगली होती. मटणही चांगलं शिजलं होतं, हे खरं बोललं पाहिजे. आईला दाताचा त्रास झाला नाही. आत चुलीपाशी जो कोण होता त्याला काम येतं.

मग बिल. हे तुला आकड्यांसकट पाहिजे होतं, म्हणून लिहितो. दोन थाळ्या ९६०. सोलकढी दोन, १४०. पाण्याची बाटली ४०. ती आम्ही मागितली नव्हती, बसल्या बसल्या बूच उघडून ओतली. आणि खाली 'एक्स्ट्रा पांढरा, २', १२० रुपये. म्हणजे वाटीला साठ! पहिली वाटी गार पडली म्हणून मागितलेल्या दुसऱ्या वाटीचे साठ. कोल्हापुरात रश्शाला पैसे, हे मी साठीत पहिल्यांदा बघितलं. गल्लीतल्या खानावळीत वाढपी बादली घेऊन फिरतो आणि आपण हात आडवा धरेपर्यंत वाढतो. मिसळीच्या दुकानात बसलेल्या माणसाला कट संपला म्हणून सांगायला लागत नाही. मोठ्या हॉटेलात वेगळं असेल, असू दे. पण मग मोबाईलवरच्या त्या मेनूत लिहा की. तिथं कुठं नव्हतं, मी नंतर घरी बसून परत बघितलं.

एकूण १,२६०. त्याच्या खाली सेवा शुल्क १० टक्के, १२६ रुपये. आणि त्या १,३८६ वर पाच टक्के जीएसटी. सगळं मिळून १,४५५ रुपये ३० पैसे. सेवा शुल्क! चाळीस मिनिटं बाकड्यावर बसवलं त्याचं.

त्याबद्दल मला माहीत होतं, कारण आमच्या व्यापाऱ्यांच्या मिटिंगला एकदा हा विषय निघाला होता. सेवा शुल्क हा सरकारी कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलं होतं की हॉटेलनं ते आपोआप बिलात धरायचं नाही, दुसऱ्या नावानं लावायचं नाही, आणि त्यावर जीएसटी तर अजिबात घ्यायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, काही काळ स्थगितीही मिळाली, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचीच बाजू धरली आणि संघटनांना एकेक लाखाचा दंडही केला. देणं हे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. मागितलं तर काढून द्यायला लागतं, नाही दिलं तर १९१५ ला फोन करायचा.

काउंटरवर गेलो. शांतपणे सांगितलं. मॅनेजर स्क्रीनकडं बघतच म्हणाला, "सिस्टीममधून येतं, काढता येत नाही." मी म्हटलं, "मग सिस्टीमला सांगा, नाहीतर मी १९१५ ला सांगतो." तेव्हा त्यानं पहिल्यांदा मान वर केली. आणि मागं वळून, सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अरे, ह्यांचं सर्व्हिस चार्ज काढ रे! परवडत नाही त्यांना."

स्नेहल, १,३२३ चं नवीन बिल मिळालं. एकशे बत्तीस रुपये वाचले. पण शेजारच्या टेबलावरची बाई आईकडं वळून बघत होती, आणि आई ताटाकडं बघत होती.

एक वाक्य पुरलं असतं गं. "काका, आमची चूक झाली." मग मी रश्शाचे साठसुद्धा मनावर घेतले नसते. दुकानदार आहे मी, मला कळतं ना. आपल्याकडं सहा महिन्यांनी माणूस येतो, चपलेचा कान उसवलेला असतो, पावती नसते, कधी कधी चप्पलही आपली नसते. आधी त्याला बसायला स्टूल द्यायचं, मग चप्पल हातात घ्यायची. हे मला कुणी शिकवलं नाही, आज्ज्यांना करताना बघितलं. मी तरी दर वेळी केलं असंही नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्यांची झुंबड होती, एक बाई तिसऱ्यांदा माप बदलून मागायला लागली आणि मी तिच्यावर खेकसलो. तिनं जोड खाली ठेवला, पैसेही मागं मागितले नाहीत, निघून गेली. मी ॲडव्हान्स घेतलेले दोनशे रुपये ड्रॉवरमध्ये वेगळे ठेवले होते, परत येईल म्हणून. आली नाही. भांडणारं गिऱ्हाईक परवडलं.

म्हणून तू लिही. मी अडवत नाही. मालकाला लिही, की बुकिंग हरवलं आणि कुणी सांगितलं नाही. रश्शाचा दर मेनूत नव्हता. सेवा शुल्क सांगितल्याशिवाय निघालं नाही, आणि निघालं तेव्हा मॅनेजर काय बोलला ते जसंच्या तसं लिही, त्याच्याच शब्दांत. मटण चांगलं होतं हेही लिही, गाळू नकोस. नाहीतर त्यांना वाटेल फुकटचं भांडायला आलेत.

पण एक आहे. काल तू म्हणालीस, "त्या वेटरचं नाव बिलावर असतं, ते पण टाकते." ते नको.

का ते सांगतो. निघताना आईनं पर्समधून शंभराची नोट काढली, चार घड्या घातल्या आणि त्या पोराच्या हातात दिली. त्यानं आधी काउंटरकडं बघितलं, मग नोट एप्रनच्या आत सरकवली. आईनं विचारलं, "जेवलास का?" म्हणाला, "बारा वाजता, काकू. आज दोघंच आहोत वाढायला. बाकीचे सासनकाठीसाठी गावाकडं गेलेत." जोतिबाची यात्रा तोंडावर आली होती. गुलालाचा वास आमच्या गल्लीतसुद्धा येत होता, आणि त्या मालकाला कळू नये की या आठवड्यात निम्मी पोरं रजेवर असणार? बारा टेबलं, दोन पोरं. 'गरमच आहे काका' म्हणाला तेव्हा मला राग आला होता. परत झडपेतून आत जाऊन आचाऱ्याच्या शिव्या खायची त्याची तयारी नव्हती, एवढंच होतं ते. चंदगडकडचा आहे म्हणाला. दोन महिने झालेत त्याला इथं. तुझ्या मेलवर त्याचं नाव गेलं तर मॅनेजर तेवढंच नाव वाचणार, बाकीचं काही नाही.

आई आता ठीक आहे. काल तिनं घरीच पांढरा केला, खसखस वाटून, आणि माझ्या वाटीत वाढून जाईपर्यंत बाजूला उभी राहिली, "गरम आहे का?" विचारत. दोघंही हसलो. वर्षाची चटणी कांडून आणलीय, तुझा डबा या चिठ्ठीबरोबर पाठवतोय. गावी आलीस की गंगावेशीत म्हशीचं दूध प्यायला जाऊ, तिथं बुकिंग लागत नाही.

पहिल्या बिलाची झेरॉक्स डब्यात घातलीय. मूळ कागद माझ्याकडं ठेवलाय, पण ती शाई उन्हानं उडते म्हणून झेरॉक्स. वर डाव्या कोपऱ्यात पांढरी पट्टी दिसेल. तिथं त्या पोराचं नाव होतं. झेरॉक्स काढताना मी त्यावर कागदाचा तुकडा ठेवला होता.

तुझे,
पप्पा