अस्वलाचे सांधे

नागपूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो. सांध्यांचे तयार किट महाग पडते, मागवले तर यायला आठवडे लागतात. मग हार्डवेअरच्या दुकानातल्या नट-बोल्टवर टेडीचे हातपाय बसवता येतील का, असे तू विचारतेस. येतील, आणि पक्के बसतील. काल इतवारीत लोहाओळीला जाऊन सगळा माल घेऊन आलो, पार्सल करतो आहे. पण काय कशासाठी पाठवतोय ते आधी वाच, कारण सांधा एकदा आत गेला आणि पाठ शिवली की तो परत कोणाला दिसत नाही. मग त्याच्यातली कसर फक्त हात सैल पडला की कळते.

तू साधा तपकिरी टेडी न करता आपल्या ताडोबातले काळे अस्वल करायला घेतलेस, याचा मला फार आनंद झाला. छातीवरचा तो पांढरा पट्टा, फिकट तोंड, लांब नखे, मानेवरचे झुपकेदार केस, सगळे तू फोटोत नीट पकडले आहेस. लांब केसांचा प्लश, म्हणजे मऊ केसाळ कापड, घेतलास हेही बरोबर. मात्र जिथे हात अंगाला टेकतो तिथले केस चकतीच्या आकारात बारीक कापून टाक, हातावरचेही आणि अंगावरचेही. नाही तर दोन कापडांच्या मध्ये केस दबतात, गुंततात, आणि सांधा कधी आवळल्यासारखा वाटतो, कधी ढिला.

आता सांधा म्हणजे काय ते बघ. अस्वलाला पाच सांधे: मान, दोन हात, दोन पाय. प्रत्येकात दोन चकत्या, एक हाताच्या आत, एक अंगाच्या आत. मध्ये हाताचे कापड आणि अंगाचे कापड एकमेकांवर टेकलेले. चारही थरांतून एक दांडी आरपार, दोन्ही टोकांना वॉशर. एवढेच. पण या एवढ्याशा वस्तूकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. हात फिरवला तर फिरला पाहिजे, आणि वर करून सोडला तर तिथेच थांबला पाहिजे. हे थांबवण्याचे काम कापडावर कापड घासून होते, दांडीने होत नाही. दांडी फक्त दोन्ही चकत्या दाबून धरते. ती दाब सोडणार नाही एवढे बघायचे, बाकी सगळे त्यातून निघते.

पहिल्यांदा हा दाब दोरीने दिला होता. जर्मनीत गिंगेन गावी मार्गारेटे श्टाइफ यांचा कारखाना होता. त्यांचा पुतण्या रिचर्ड याने १९०२ साली हातपाय हलणारे अस्वल काढले, नाव ‘५५ पीबी’: ५५ सेंटीमीटर उंच, प्लशचे, हलणारे. १९०३च्या लायपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने तशी ३,००० अस्वले मागवली, असे सांगतात. दोरी सैल पडते हे उघडच होते. म्हणून पुढे त्याच कारखान्यात धातूच्या सळईचे सांधे आले आणि नंतर चकत्यांचे. तू आज जे करते आहेस ते त्या चकत्यांचेच काम आहे. त्यात परदेशातून मागवावे असे काहीच नाही. हार्डबोर्ड, वॉशर आणि कॉटर पिन, तिन्ही आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतात.

कॉटर पिनवर जरा सविस्तर लिहितो, कारण माझी सगळी नोकरी तिच्याबरोबर गेली. मोतीबागेच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, डब्यांचे ब्रेक उघडायचो, तेव्हा दांड्या जोडणाऱ्या प्रत्येक पिनेच्या टोकाला कॉटर असायची. मोठी पिन जड ओझे घ्यायची आणि ही बारकी वस्तू तिला जागेवरून हलू द्यायची नाही. तुझ्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीची चाके निघून पडायची, आठवते? त्याच्या आसात मी कॉटरच घातली होती. तसेच हे.

दुकानात कॉटर पिन म्हण किंवा स्प्लिट पिन म्हण, दोन्ही चालते. एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने गोल अशा तारेला मध्ये दुमडून केलेली, एका टोकाला डोळा म्हणजे गोल फासा, दोन पाय, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा जरा लांब, म्हणजे उघडताना बोट किंवा पक्कड घालता येते. तुझ्या पंधरा इंची अस्वलाला ३.२ मिलीमीटर जाडीची, ५० मिलीमीटर लांबीची पाठवतोय. डोळा हाताच्या आत राहील, दोन पाय अंगाच्या आत निघतील. डोळा वॉशरच्या भोकातून निसटणार नाही असाच वॉशर त्याच्यामागे घाल. पाय बाहेर आले की वॉशर घालून, नोज प्लायरने, म्हणजे लांब चोचीच्या पकडीने, एक पाय धर, स्वतःकडे ओढत ओढतच बाहेरच्या बाजूला गोल वळव आणि त्याचे टोक वॉशरवर दाबून बसव. मग दुसरा पाय उलट बाजूला तसाच. ओढणे महत्त्वाचे. नुसते वळवलेस तर वळण छान दिसेल आणि आत दाब काहीच नसेल.

एकदा वळवलेली कॉटर सरळ करून परत वापरू नकोस. वळणाच्या जागी लोखंड थकते. वर्कशॉपमध्येही उघडलेली कॉटर टाकून नवीन घालायची, असाच नियम होता. म्हणून पाकीटभर पाठवतोय, काटकसर करू नकोस. स्टेनलेसची कॉटर मुद्दाम घेतली नाही. ती कडक असते, तुझ्या मनगटाला उगाच त्रास. साधी, झिंक चढवलेली बरी.

आता नट-बोल्ट. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव: साधा नट चालणार नाही. हात पुढे-मागे फिरतो, त्या फिरण्यानेच नट हळूहळू सुटत जातो. नायलॉक नट घ्यायचा. त्याच्या तोंडाशी नायलॉनचे कडे असते, ते बोल्टच्या आट्यांना घट्ट पकडते. म्हणून तो बोटांनी शेवटपर्यंत जात नाही, पाना लागतो. आवळून झाल्यावर बोल्टचे टोक नायलॉनच्या बाहेर एक-दोन आटे तरी आले पाहिजे, नाही तर पकड अर्धवट राहते. चकत्या, कापड, वॉशर आणि नट यांची जाडी मिळवून एम ५ चा, म्हणजे पाच मिलीमीटर जाडीचा, २५ मिलीमीटर लांबीचा बोल्ट तुला पुरेल. पाने दोन लागतील, दोन्ही आठ नंबरचे, एक बोल्टच्या डोक्याला आणि एक नटाला. पुढे लहान अस्वल केलेस आणि एम ४ घेतलास तर सात नंबरचे.

पुण्यात स्वतः आणायला गेलीस तर नट आणि बोल्ट एकाच दुकानातून घे आणि काउंटरवरच फिरवून बघ. जुने दुकानदार अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलीमीटर. ‘दोन सुती’ म्हणून पाव इंचाचा बोल्ट हातात येतो, तो दिसायला एम ६ सारखाच, पण आटे वेगळे. नट दोन फेरे जातो आणि अडकतो. जोर लावलास तर दोन्ही वाया. आणि दुकानात बाई आली म्हणून कोणी ‘मिस्त्रीला पाठवा’ म्हणाला तर हलू नकोस. माप सांग, माल बघ, पटला तरच घे. लोहाओळीत ‘काय करायचं आहे?’ असे मला विचारले, तेव्हा मी मुलगी अस्वलं बनवते म्हणून सांगितले. दुकानदाराने मडगार्ड वॉशरची बरणीच पुढे ठेवली, ‘याच्यातले निवडा’ म्हणाला. ते मोठ्या व्यासाचे, बारीक भोकाचे वॉशर असतात. तळहाताएवढ्या अस्वलाला चकतीऐवजी तेच चालतील, पण कापड आणि लोखंड यांच्यात जाड फेल्ट घाल. वॉशरच्या कडा कापड खातात, आणि तुमच्याकडच्या पावसात गंजाचा डाग बाहेर येतो.

मग कॉटर की बोल्ट? मी असे करीन. हात आणि पाय कॉटरवर, कारण डोळ्याकडची बाजू धरून ठेवावी लागत नाही. हात आधी भरून, शिवून बंद करता येतो आणि नंतर अंगाला जोडता येतो. बोल्टचे डोके मात्र आतून धरावे लागते, म्हणजे आवळून होईपर्यंत हात उघडा ठेवायचा आणि मग भरायचा. तुझी मनगटे कॉटरने दुखत असतील तर बोल्ट घे, वेळ जास्त जाईल पण जोर कमी लागेल. दोन्ही प्रकारांत एक सारखेच: आत्ता योग्य वाटते त्यापेक्षा जरा जास्तच आवळ. कापड आणि भरण बसत जाते आणि सांधा आपोआप ढिला होतो. नवा हात फिरवायला थोडा जड गेला पाहिजे.

मानेला वेगळी गंमत करता येते. दोन कॉटर एकमेकींच्या डोळ्यांत अडकवायच्या, एकीचे पाय डोक्यातल्या चकतीत वळवायचे, दुसरीचे अंगातल्या. डोके फिरते तर खरेच, शिवाय किंचित झुकते, डोलते. अस्वल वाकून काहीतरी हुंगते आहे असे दिसते. आपल्या अस्वलाला, जे सतत वारुळे हुंगत हिंडते, ते फार शोभेल. पण पहिल्याच अस्वलात हे करू नको, आधी साधी मान कर. मानेचे कापड चकतीवर आवळायला मेण लावलेला नायलॉनचा दोरा दुहेरी घे. पार्सलमध्ये चांभाराकडची रीळ टाकली आहे.

चकत्या ३ मिलीमीटर हार्डबोर्डच्या मी कापून पाठवतोय, ड्रिलला होल सॉ, म्हणजे गोल कापणारी करवत, लावून. त्याच्या मधल्या ड्रिलचे भोक मोठे पडते, एम ५ ला जरा सैल. त्याची काळजी नको, वॉशर ते झाकतो. कडा कानशीने मारून पॉलिश पेपर फिरवला आहे. चकती खांद्याच्या रुंदीत मावेल पण शिवणीला टेकणार नाही, अशी निवड. टेकली तर शिवण उसवते. कापडाला भोक कात्रीने पाडायचे नाही. टोच्याने धागे बाजूला सारून पाडायचे, आणि आतून जाड मांजरपाटाचा तुकडा आधी शिवून घ्यायचा. आणि हार्डबोर्ड आत आहे म्हणजे अस्वल पाण्यात बुडवायचे नाही. ओल्या फडक्याने वरून पुसायचे, हे घेणाऱ्याला सांगत जा.

आता जे सगळ्यात मनापासून सांगायचे आहे ते. ताईच्या बाळासाठी करशील त्या अस्वलात यातले काहीही घालू नकोस. नट नको, कॉटर नको, मण्यांचे डोळेही नकोत. हातपाय अंगातच शिवून टाक, डोळे काळ्या दोऱ्याने भर. तीन वर्षांच्या आतली मुले सगळे तोंडात घालतात, शिवण चावून उसवतात, आणि कॉटरचे टोक म्हणजे तारच आहे. सांध्यांची अस्वले मोठ्यांसाठी, कपाटात ठेवणाऱ्यांसाठी, तसे चिठ्ठीवर स्पष्ट लिही.

विकायला काढणार असशील तर कायदाही बघून घे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का लागतो, चाचण्या आयएस ९८७३ या खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकाप्रमाणे होतात. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिली आहे. तू ती नोंदणी करून घे. कारागीर म्हणून तुझे नाव कागदावर लागेल, याचा मला अभिमान वाटेल, हे वेगळे सांगायला नको पण सांगतो.

भरणासाठी आईने इथला कापूस पाठवायचा हट्ट धरला होता. उशीला तो छान, पण अस्वलात गोळे होतात आणि दमट हवेत ओल धरतो. पॉलिस्टरचेच भर. सांध्याच्या चकतीभोवती आधी घट्ट भरायचे, मग बाकीचे. तिथे पोकळी राहिली की चकती तिरकी होते. आईची समजूत मी काढली आहे. त्याऐवजी तिने गांधीबागेतून घेतलेला काळ्या प्लशचा तुकडा आणि सांडग्यांची पिशवी पार्सलमध्ये घातली आहे.

पाकिटांवर मी पेनने लिहिले आहे: ‘हात’, ‘पाय’, ‘मान’. कापडाच्या चिंधीवर एक सांधा आधी करून बघ, मग खऱ्या हाताला लाव. आणि पाठ शिवायच्या आधी व्हिडिओ कॉल कर, पाचही सांधे आतून दाखव. वॉशरवर कॉटरची टोके टेकली आहेत की नाही ते मला बघायचे आहे.

तुझे
बाबा