गाय उचलण्याचा पट्टा दुसऱ्या उचलीलाच उसवला, त्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
पशुपालन साहित्य ऑनलाइन विक्री विभाग

विषय: गाय उभी करण्याच्या पट्ट्याची शिवण उसवणे, उशिरा पोच आणि हेल्पलाइनवरून मिळालेला धोकादायक सल्ला

महोदय,

मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी तुमच्याकडून गाय उभी करण्याचा पट्टा मागवला. किंमत ४,८५० रुपये, पैसे आगाऊ भरले. तुमच्या पानावर ठळक अक्षरात होते, ‘भार क्षमता ७०० किलो’ आणि ‘मुंबईत २४ तासांत घरपोच’. पट्टा हातात आला गुरुवारी दुपारी. शुक्रवारी सकाळी, दुसऱ्याच उचलीला, तो शिवणीत उसवला. गाय तेव्हा पट्ट्यात होती.

पत्र इथेच संपवता आले असते. पण बुधवारी मी हेल्पलाइनला फोन केला तेव्हा तिकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, गाय बसलेलीच आहे ना, एक-दोन दिवसांनी काय फरक पडतो?” तर काय फरक पडतो ते आधी लिहिते.

हरणी आमची संकरित गाय, तिसऱ्या वेताची. सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला तिची पाणमोट फुटली. वासराचा एक पाय दिसला, दुसरा येईना. तो गुडघ्यात मुडपून आत अडकला होता. गोराईत रात्री डॉक्टर आणायचा म्हणजे मधे खाडी. फेरीबोट नसली की भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने अख्खा वळसा. डॉक्टर पोहोचले साडेबाराला. त्यांनी कोपरापर्यंत हात घालून पाय सरळ केला, दोरी लावली, प्रत्येक कळेबरोबर ओढले आणि दीड वाजता पाडी झाली. जिवंत. सासूबाईंनी तिचे नाकतोंड पुसून काढले आणि हरणीच्या कासेतून दोन लिटर चीक काढून तासाभरात बाटलीने पाजला. वाडीतल्या दोघीतिघींनी दुसऱ्या दिवशी खरवसाची चौकशी केली. या खेपेला खरवस नाही म्हटले, चीक पाडीचा.

हरणी मात्र उठेना. कान गार, मान कुशीकडे वळलेली, म्हणजे रक्तातले कॅल्शियम उतरल्याची खूण. डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली मानेच्या शिरेतून लावली, थेंब थेंब, एका हाताने छातीला नळी धरून ठोके ऐकत. घाईने दिली तर तेच कॅल्शियम हृदय बंद पाडते, म्हणाले. अर्ध्या तासात कान ऊन झाले, तिने मान वर धरली, गुळाचे कोमट पाणी दोन बादल्या ओढले. सकाळी साडेदहाला वारही (पोटातले वासराचे आवरण) आपसूक पडली. पुढून बघितले तर गाय ठणठणीत. मागचे पाय तेवढे तिचे नव्हते. पुढच्या पायांवर जोर द्यायची, मागचे दोन्ही बाजूंना फाकायचे आणि ती धपकन खाली.

वासरू थोराड आणि वाटेत तासन्‌तास अडकलेले, त्यामुळे मागच्या पायांकडे जाणाऱ्या नसा हाडावर चेचल्या गेल्या होत्या. “नसा येतील परत,” डॉक्टर म्हणाले, “पण तोवर मांडी मरू देऊ नका.” गाय एका कुशीवर पडून राहिली की सगळा भार खालच्या मांडीवर येतो, रक्त पोहोचत नाही आणि काही तासांतच आतले मांस निकामी व्हायला लागते. मग नसा बऱ्या झाल्या तरी गाय उठत नाही, कारण उठवणारे मांसच उरलेले नसते. म्हणून खाली भाताच्या पेंढ्याचा हातभर थर (ऐन पावसात कोरडा पेंढा कुठून गोळा केला ते मलाच माहीत), दर तीन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, मागच्या दोन्ही पायांना दीड हाताची सैल दोरी म्हणजे ते फाकणार नाहीत, आणि दिवसातून दोनदा पट्ट्याने उचलून चारपाच मिनिटे पायांवर भार घ्यायला लावायचा. नुसती टांगून ठेवायची नाही. तिने पाय टेकले तर टेकू द्यायचा, नाही टेकले तर लगेच खाली.

म्हणून मंगळवारी सकाळी नऊला ऑर्डर.

बुधवारी संध्याकाळी मेसेज आला, ‘पत्ता सापडला नाही’. आमचा पत्ता सापडायला अवघड नाही, खाडीच्या पलीकडे आहे इतकेच. तुमच्या माणसाने बोरिवलीच्या जेट्टीवरून समोर बघितले असते तरी दिसला असता. शेवटी गुरुवारी माझे दीरच फेरीने पलीकडे गेले आणि कुरिअरच्या गोदामातून पार्सल सोडवून आणले. तोवर हरणीला बसून अडीच दिवस झाले होते. आम्ही चौघे मिळून कूस पालटत होतो, डाव्या मांडीला सूज चढली होती.

पार्सलमध्ये पट्टा, चार लोखंडी कड्या आणि एक चिटोरे. चिटोऱ्यावर गायीचे चित्र आणि चार ओळी इंग्रजी. किती वेळ उचलायची, पट्टा कासेच्या पुढे कुठे घ्यायचा, काही नाही. वेष्टनावर बनवणाऱ्याचे नाव नाही, पत्ता नाही, कधी बनवला तेही नाही. चकलीच्या पाकिटावर याहून जास्त मजकूर असतो.

उचलायला चेनकप्पी शेजारच्या कोळीदादांची. नारळी पौर्णिमा तोंडावर, बोटीचे इंजिन चढवायचे काम सुरू, तरी त्यांनी दोन दिवस दिली. गुरुवारी संध्याकाळी पहिली उचल चांगली झाली. हरणीने उजवा पाय टेकला, मग डावा, दोनेक मिनिटे थरथरत उभी राहिली. सासूबाईंनी पाठीवर हात फिरवला तर तिने शेणही टाकले. आम्हाला तेवढ्यानेही बरे वाटले. शुक्रवारी सकाळी पुन्हा उचलली, खूर जमिनीवरून जेमतेम सुटले होते, आणि डाव्या बाजूची कडी पट्ट्यातून टरकन निघून आली. गाय डाव्याच कुशीवर आपटली. पेंढा होता म्हणून हाड वाचले.

कोळीदादा आयुष्यभर जाळी आणि शिडे शिवत आलेत. त्यांनी तो पट्टा हातात घेऊन उलटा केला. कापड शाबूत होते, एक धागा तुटलेला नव्हता. उसवली होती ती कडीजवळची शिवण. तिथे एकच सरळ टीप, टाके लांब लांब, आणि शेवटी गाठही नाही, धागा तसाच कापून सोडलेला. नखाने ओढला तर चार बोटे सरकन निघाला. दुसऱ्या बाजूच्या कडीचीही तीच गत. “यात मी बांगड्यांचं टोपलंसुद्धा उचलणार नाही,” म्हणाले. पट्ट्याचे कापड ७०० किलो पेलत असेलही, माझे त्याबद्दल भांडण नाही. पण गाय कापडाला लटकत नाही, कडीला लटकते.

त्यावर तुमच्या हेल्पलाइनचे उत्तर, “गाय ७०० किलोपेक्षा जास्त असेल.” मी मोजली. छातीचा घेर ६८ इंच, खांद्याच्या हाडापासून बुडाच्या हाडापर्यंत लांबी ५८ इंच. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ६६०, हा हिशेब डॉक्टरांनीच शिकवला. उत्तर ४०६ किलो येते. तीसचाळीस किलो इकडेतिकडे धरा. ७०० किलोची गाय असती तर मी गोठ्याचे दार आधी रुंद केले असते.

याच फोनवर त्या मुलाने मला तुमचे पाजायचे कॅल्शियम घ्यायला सांगितले. गाय आडवी पडली असेल तर तोंड वर करून नळीने ओता, असेही म्हणाला. ही तक्रार मी पट्ट्याहून मोठी धरते. आडव्या पडलेल्या, गिळायची ताकद नसलेल्या गायीच्या तोंडात काही ओतले तर ते पोटात न जाता फुफ्फुसात जाऊ शकते आणि त्याने गाय दगावते. मला डॉक्टरांनी आधीच बजावले होते म्हणून बरे. ज्याच्याकडे रात्री डॉक्टर पोहोचला नाही तो तुमच्या मुलाचेच ऐकेल. त्या मुलावर राग नाही, त्याच्यासमोर कुणीतरी लिहून ठेवलेले तो वाचत होता. ते लिहिले कुणी, ते मला कळवा. आणि त्या जागी सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा नंबर लिहा.

पैसे परत मागितले तर उत्तर आले, ‘वापरलेला माल परत घेतला जात नाही.’ पट्टा न वापरता उसवायची सोय तुमच्याकडे आहे का, असेल तर तीही सांगा.

माझी धाकटी मुलगी वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे पुढचे तिच्याकडून. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझी पहिली मेल शुक्रवारची, आज ऑर्डरपासून बारावा दिवस, पोच अजून नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी विकणाऱ्यावरही येऊ शकते. दूध विकून घर चालवणारी मी ‘व्यावसायिक खरेदीदार’ ठरत नाही. तक्रार मी राहते तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, आणि एवढ्या किमतीच्या मालाला फीही नाही. तुमचे उत्तर नाही आले तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद, मग आयोग.

मला ४,८५० रुपये परत हवेत. शुक्रवारी गाय आपटल्यावर डॉक्टरांना पुन्हा बोलवावे लागले, त्या फेरीचे आणि औषधांचे १,९०० रुपये हवेत, पावती जोडली आहे. हा पट्टा तुमच्या पानावरून आज काढा आणि ज्यांनी ज्यांनी घेतला त्यांना फोन करून कडीची शिवण बघायला सांगा. यातले शेवटचे काम पैशांच्या आधी केलेत तरी चालेल. कुणाची तरी गाय आत्ता, या क्षणी त्यात असेल.

हरणीचे विचाराल तर कोळीदादांनी जुन्या शिडाचे कापड दुहेरी करून, जाळ्याच्या सुईने नायलॉन दोरा घालून दुसरा पट्टा शिवला. रविवारी संध्याकाळी ती त्यात उभी राहिली आणि सोमवारी पहाटे पट्ट्याशिवाय. डावे खूर अजून मुडपते, चालताना लंगडते, दूध निम्म्यावर आहे. पाडी तिच्याभोवती दिवसभर उड्या मारते.

उसवलेला पट्टा कड्यांसकट जपून ठेवला आहे, फोटो सोबत आहेत. तपासायला हवा असेल तर माणूस पाठवा. बोरिवलीहून फेरीने पंधरा मिनिटे लागतात, आणि जेट्टीवर उतरल्यावर गायवालीचे घर कुणीही दाखवेल. या वेळी पत्ता सापडेल.

आपली ग्राहक,
गोराई, मुंबई
(नाव व ऑर्डर क्रमांक मेलमध्ये)

सोबत: बिल, डॉक्टरांची पावती, शिवणीचे पाच फोटो