नजर चोरली म्हणजे खोटा?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ‘मानसशास्त्रज्ञापुढे खोटं टिकत नाही’ हा लेख वाचला. लेखकमहाशयांच्या आत्मविश्वासाचा हेवा वाटला. नजर चोरली, उत्तराला वेळ लावला, की माणूस खोटा! एवढं सोपं असतं तर कोर्टकचेऱ्या कशाला लागल्या असत्या?

माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडला. डोक्याला मार लागला, तेव्हापासून विसरतो. विम्याच्या दाव्यासाठी त्याला मानसशास्त्रज्ञाकडे तपासणीला नेलं. मे महिना, कूलरमध्ये पाण्याचा थेंब नाही. हा दीड तास मान खाली घालून बसला. आमच्या घरी साहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवायची रीत नाही. अहवाल आला : ‘नजर टाळतो, माहिती दडवत असण्याची शक्यता.’ भाऊ मला विचारतो, ‘काहून, टकमक पाहू का त्यायच्याकडे?’

वरून प्रश्नावली. तिच्यात ‘मला कधी राग येत नाही’ छापाची वाक्यं मुद्दाम पेरलेली असतात. सगळ्यांना ‘बरोबर’ म्हणणारा स्वतःला फार सज्जन दाखवतो, असं धरतात. भावाने सगळ्यांवर इमानेइतबारे खूण केली. साहेबासमोर ‘हो, मी रागीट आहे’ असं कोण लिहून देईल?

पुतणी मानसशास्त्र शिकते. ती म्हणाली, २००६ साली बाँड आणि डिपॉलो या संशोधकांनी अशा ढीगभर प्रयोगांची बेरीज मांडली. नुसतं पाहून-ऐकून खरंखोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के बरोबर निघाली, आणि जाणकार म्हणवणारेही इतरांहून सरस ठरले नाहीत. नाणं उडवलं तर ५० येतात, आणि नाणं फी घेत नाही.

विसरण्याचं सोंग ओळखायच्या वेगळ्या चाचण्या आहेत, हे कबूल. दोन चित्रं ठेवून ‘आधी कोणतं पाहिलं?’ विचारतात. डोळे मिटून बोट ठेवलं तरी निम्मी बरोबर येतात. त्याहून फारच कमी आली, तर उत्तर ठाऊक असून चुकवलं असणार. ह्याला काही तर्क आहे. पण भावाला ती दिलीच नाही, आणि तुमच्या लेखात तिचा शब्द नाही. त्याऐवजी फोटो कसला, तर अंगाला वायरी जोडलेल्या माणसाचा! संमतीशिवाय ती खोटं पकडायची वायरींची (पॉलिग्राफ) चाचणी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात २०१० मध्येच सांगितलंय.

भाऊ त्या दिवशी एक खोटं मात्र नक्की बोलला. ‘काही व्यसन?’ ‘नाही जी.’ खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी तेव्हा शर्टाच्या खिशात होती. अहवालात ‘व्यसन : नाही’. बाहेर पायरीवर बसून तो खर्रा घोटत होता, तर तेच साहेब शेजारून जिना उतरून गेले.

ता. क. : माझ्या मागच्या पत्राची शेवटची दोन वाक्यं तुम्ही कापली होती. खर्रा कापू नये, ही विनंती.

— एक जुना वाचक, सक्करदरा, नागपूर