बँकेची जुनी वास्तू : काउंटर बंद करू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बडोद्यात चार दरवाजांच्या आतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, जुन्या बँक-इमारतींचे काय करायचे, असा विषय निघाला की कोणीतरी ‘म्युझियम करा’ म्हणून मोकळे होते. मला ते पटत नाही. बडोद्यातल्या वास्तू टिकल्या त्या रोजच्या वर्दळीमुळे. न्यायमंदिर मुळात मंडई म्हणून बांधले. १८९६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पुढे तिथे कोर्ट भरू लागले ते थेट २०१८ पर्यंत. खंडेराव मार्केटमध्ये पुढच्या बाजूला महापालिका, मागे भाजीबाजार. घरपट्टी भरा आणि येताना मेथीची जुडी घ्या!

बँकेचा इतिहास तर याच जुन्या शहरातल्या मांडवी भागाचा. २० जुलै १९०८ रोजी सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली, तीही बडोदे संस्थानच्या स्वतःच्या १८९७ च्या कंपनी कायद्याखाली, १० लाख रुपये भरणा भांडवलावर. विठ्ठलदास ठाकरसी, लल्लूभाई सामळदास अशी मुंबईची बडी व्यापारी मंडळी सोबत होती, आणि राल्फ व्हाइटनॅक नावाचे अमेरिकन गृहस्थही. १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, २०१९ मध्ये देना आणि विजया या बँका तिच्यात विलीन झाल्या. एका पेठेत दोन-दोन शाखा कशाला, हा प्रश्न तेव्हापासून सगळीकडेच आहे. मोबाइलवर पैसे पाठवणारी पिढी तर शाखेत फिरकतच नाही.

पण पेन्शनर फिरकतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आम्हा म्हाताऱ्यांना अलकापुरीपर्यंत रिक्षा का करायला लावता? शाखा हलवायचीच असेल तर जुन्या वास्तूत निदान एक खिडकी चालू ठेवा. उरलेल्या दालनात अभ्यासिका करा. पोळांतल्या, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या गल्ल्यांतल्या, दोन खोल्यांच्या घरांत मुलांना पुस्तक उघडायला जागा नसते. वरच्या मजल्यावर मोडी कागद वाचून देणारा माणूस बसवा. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात घरोघरी अशी दप्तरे वाळवीची वाट पाहत पडली आहेत. मात्र हे कागद स्ट्राँगरूममध्ये ठेवण्याचा मोह नको. तिथे वारा खेळत नाही, दमट हवेत शाई उतरते.

कॅफेला माझा विरोध नाही. लॉकरच्या खोलीत बसून कॉफी प्यायची ज्यांना हौस आहे, त्यांनी ती खुशाल प्यावी. पण भाडेकरार करताना तिजोरीचे दार, लाकडी काउंटर आणि पितळी टोकने यांची यादी कराराला जोडा. ती यादी नसेल तर नूतनीकरणाच्या पहिल्याच आठवड्यात सगळे भंगारवाल्याकडे जाईल.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे